उजाडल्याशिवाय दार उघडायचं नाही

मुलीचा चाळिसावा झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अब्दुल गनी तारांगणाची किल्ली खिशात टाकून घरातून निघाला. काम साधंच होतं. यंत्राला तेल द्यायचं, जळमटं काढायची, उंदरांनी वायरी कुरतडल्यात का ते बघायचं. रशीदाने, त्याच्या बायकोने, डबा हातात दिला. एकुलती एक मुलगी गेली की नवरा-बायकोत बोलायला विषय तेवढा एकच उरतो, आणि तोच काढवत नाही.

यवतमाळहून लोहाऱ्याकडे जाताना डाव्या हाताला तो पांढरा घुमट लागायचा. आडगावची माणसं त्याला दर्गा समजून जीपमधूनच हात जोडत. गनीने कोणाची समजूत घालवली नाही. आत आले की आपोआप कळेल, म्हणायचा. चौसष्ट साली सेवादास मास्तर नावाच्या विज्ञानशिक्षकाने लोकवर्गणीतून ते तारांगण उभं केलं होतं. यंत्र परदेशातून आणायचं तर मास्तरांना सात जन्म पुरले नसते. म्हणून त्यांनी तांबटाकडून हंड्याएवढे दोन अर्धगोल ठोकून घेतले आणि सायकली दुरुस्त करणाऱ्या तरण्या गनीला हाताशी धरलं. अकरा महिने दोघांनी नकाशा बघून तांब्याला सुईएवढी भोकं पाडली. एक भोक, एक तारा. आत दिवा बसवला, खाली शिलाई मशीनची मोटर. घुमटाच्या कडेने पत्र्यात कापलेली गावाची काळी किनार लावली, त्यात कापसाच्या जिनिंगचं धुराडं होतं, पाण्याची टाकी होती, कडुलिंब होते. पूर्वेकडे त्या किनारीमागे बारा दिवे लपवले, लाल, पिवळे, पांढरे. बटण फिरवून ते हळूहळू चढवले की टाकीमागे उजाडायचं. बहात्तर खुर्च्या एका बंद पडलेल्या टॉकीजमधून आणल्या. माणूस उठला की त्यांचं बूड खाटकन वर जायचं.

मास्तरांचा नियम एकच होता. उजाडल्याशिवाय दार उघडायचं नाही. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर एकदम दुपारचं ऊन पडलं तर पोरं धडपडतात, हे त्याचं शास्त्र. मग मास्तर मिशीत हसून पुढे म्हणायचे, "रात्र अर्धी टाकून उठलं ना गनी, की ते संपत नाही. तसंच राह्यते." मास्तर जाऊन वीस वर्षं झाली. गनीने नियम एकदाही मोडला नव्हता.

मुलीचं नाव त्याने कहकशां ठेवलं, म्हणजे आकाशगंगा. त्याच्यासारखा माणूस दुसरं काय ठेवणार? बीएस्सी करून ती नोकरीसाठी नागपूरला गेली नाही, बापाच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि माइक हातात घेतला. घरात त्यांची हिंदी चालायची, पण घुमटाखाली ती बापाशीही मराठीतच बोलायची, आणि तेही अस्सल वऱ्हाडी. पुस्तकी भाषा ऐकली की बंजाऱ्यांच्या तांड्यावरची पोरं पाच मिनिटांत पेंगतात, हे तिने पहिल्याच महिन्यात ओळखलं होतं. ग्रहणात अन्न का टाकायचं नाही, शेपटीचा तारा दिसला म्हणून राजा का मरत नाही, सगळं ती हसवत हसवत सांगायची. सुट्टीच्या दिवशी दुर्बीण खोक्यात घालून दारव्ह्याच्या बाजारात जायची आणि मिरच्यांच्या ढिगाशेजारी उभी राहून बायकांना शनीचं कडं दाखवायची.

ती वर्षं वाईट होती. कापसाने माणसं खाल्ली, असं लोक म्हणत. शाळेची सहल कुठलीही असो, अंधार झाला की त्यातलं एखादं पोर हळूच विचारायचंच, "ताई, माहा बाबा कोनता तारा हाये?"

दुसरं कोणी असतं तर बोट दाखवून मोकळं झालं असतं. कहकशां खोटं बोलायची नाही. "कोनताच नाही रे बाप्पा," ती सांगायची. "तारा म्हणजे आग. तिथी कोनी राहत नाही. तुहा बाबा तुह्या चालीत हाये, तुह्या नाकात हाये. आरशात पाहाय." मग खेळाच्या शेवटी दिवे चढले की रोजचं वाक्य म्हणायची, "सकाळ झाली. आता आपापल्या घरी जा." ते ऐकल्याशिवाय पोरं उठत नसत.

नोव्हेंबरात ती अशीच दारव्ह्याला गेली. रात्री दुर्बीण दाखवून, ओळखीच्या घरी मुक्काम करून, सकाळच्या जीपने अकराच्या खेळाला परतणार होती. अकरा वाजले. पंधराएक लोक येऊन बसले होते. गनीने खेळ सुरू केला, मोडकंतोडकं स्वतःच बोलत राहिला. मध्यरात्र सरली, मृगाचं नक्षत्र पश्चिमेला झुकलं, पहाटेला थोडाच वेळ उरला आणि कोणीतरी बाहेरून दार बडवलं. कापसाने भरलेल्या ट्रकवर जीप आदळली होती. रस्ताभर कापूस झाला होता. गनीने दार सताड उघडलं आणि तसाच पळत सुटला. लोक ऊन डोळ्यांवर घेत, भिंतीला धरत बाहेर पडले. मागे यंत्र कोणीतरी बंद केलं. उजाडलंच नव्हतं.

तर आता तो चाळीस दिवसांनी कुलूप काढून आत गेला. दार लावून घेतलं, सवयीने. यंत्राला तेल दिलं आणि चालतं का ते बघायला दिवा आणि मोटर लावली. आकाश तिथेच होतं, जिथे सोडलं होतं. मृग पश्चिमेला टेकलेला आणि टाकीमागे काळोख.

पहिल्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीचं बूड खाली गेलं.

खेळ नसला की कहकशां तिथेच बसायची. गनी हलला नाही. मोटर गुरगुरत होती. मग अगदी जवळून, माइकशिवायच्या साध्या आवाजात, कोणीतरी म्हणालं, "उशीर केला, अब्बा."

गनी घाबरला असं म्हणायला हवं, पण तो घाबरला नाही. त्याचा जीव भांड्यात पडला. चाळीस दिवस जी पोकळी छातीत घेऊन तो हिंडत होता, ती त्या एका वाक्याने भरली. तो खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला.

"कुठी होतीस बेटा? कोनत्या..."

"तारा नाही झाली मी, अब्बा. वर नका पाहू. मी इथीच बसून राह्यली."

तेव्हापासून तो रोज येऊ लागला. रशीदाला सांगायचा, यंत्राचं काम मोठं आहे. दहाला आत जाई, दार लावी, दिवा लावी आणि खुर्ची खाली जायची वाट बघे. ती बोले थोडंच. कधी तिच्या केसांच्या तेलाचा वास येई, कधी नुसतं गार वाटे. एकदा चाळीस वर्षांच्या सवयीने त्याचा हात पहाटेच्या बटणावर गेला. टाकीमागे जरा तांबूस झालं आणि तिचा आवाज विरळ होऊ लागला, "हो अब्बा... तेच... अजून जरा..." गनीने झटक्यात बटण मागे फिरवलं.

त्याच दिवशी त्याने शिडी लावली, किनारीमागचे बाराच्या बारा दिवे काढले, टॉवेलात गुंडाळले आणि घरी नेऊन रशीदाच्या पेटीत तळाशी ठेवले. रशीदाने ऐकलं असतं तर ती म्हणाली असती, सोड तिला. म्हणून तर सांगितलं नाही. मुलीचा आवाज तिच्या आईपासून लपवून ठेवायचा आणि वर तिच्याच पेटीत ते दिवे दडवायचे, हे पाप आहे हे त्याला कळत होतं. कळून वळत नव्हतं.

"उजाडू द्या ना, अब्बा," ती म्हणायची.

"उद्या, बेटा."

जानेवारीत त्याला दुसरा वास येऊ लागला. कापसावर फवारतात त्या औषधाचा, नाकात बसणारा, गोडसर उग्र. मग एके दिवशी मागच्या रांगेत खाट आवाज झाला. दोन दिवसांनी आणखी दोन. गनी मागे वळून बघत नसे. तांब्याच्या गोळ्याकडे बघत बसे आणि कान मागे असत. कोणी खोकत नव्हतं, कोणी बोलत नव्हतं. नुसत्या खुर्च्या खाली जात होत्या.

"कोन हाये, बेटा?"

"नवीन लोकं येऊन राह्यले अब्बा. रात्र अर्धी टाकून उठलेले. इथी अंधार हाये ना संपत नसलेला. कोनाले तरी दिसला असंन. मी सांगतो त्यायले आकाशाबद्दल. पन ते पाहतच नाहीत वर."

तारांगण झाडायला धुरपताबाई येत असे. ती तांड्यावरची, पन्नाशीची, हातात अजून जुन्या पद्धतीच्या बांगड्या. तिचा मुलगा बादल जिनिंगमध्ये रात्रपाळी करायचा आणि दिवसा तारांगणाच्या शेवटच्या रांगेत येऊन झोपायचा, कारण तिथे गारवा असे. खेळ संपून उजाडलं, पोरं टाळ्या वाजवून गेली, तरी हा घोरतच. मग धुरपताबाई झाडूचा दांडा त्याच्या पोटरीवर आपटायची. सप्टेंबरात जिनिंग बंद झालं आणि महिन्याभरात बादलने कोणाच्या तरी शेतातलं फवाऱ्याचं औषध पिऊन टाकलं. चोवीस वर्षांचा होता. धुरपताबाईने त्यानंतर त्याचं नाव घेतलेलं कोणी ऐकलं नाही.

ती एक दिवस झाडू भिंतीला टेकवून म्हणाली, "गनीभाऊ, मांगच्या दोन रांगांत रोज कापूस सापडून राह्यला. बोंडातला, ताजा. कोन येते इथी?"

"कोनीच नाही बाई."

धुरपताबाईने कापसाचे झुपके पदराच्या टोकात बांधले. फेकले नाहीत.

फेब्रुवारीत हरिसिंग गुरुजी आले. आर्णीकडच्या एका तांड्यावर त्यांची शाळा होती. अठ्ठावीस तारखेला विज्ञान दिन, साठ पोरं, टेम्पो ठरलेला. गनी नाही म्हणणार होता. गुरुजींनी खिशातून ऑक्टोबरातला, घडी घातलेला कागद काढला. कहकशांच्या अक्षरात लिहिलं होतं, अठ्ठावीसला नक्की आणा, मी वाट बघते.

"ताई गेल्याचं पोरायले सांगतलं मी," गुरुजी म्हणाले. "तरी म्हनतात, जाऊच."

त्या अक्षरापुढे गनीला नाही म्हणता आलं नाही. अठ्ठावीसला सकाळी त्याने पेटी उघडली, टॉवेलाला हात लावला आणि पुन्हा झाकण लावलं. खेळ झाला की दाराला पडदा धरू, एकेक पोर हळूच बाहेर काढू, डोळ्यांना त्रास होणार नाही, असं त्याने मनाला समजावलं. मास्तरांचं दुसरं वाक्य त्याने आठवलं नाही. खरं म्हणजे आठवलं होतं.

पोरं आत शिरली ती किलबिलतच. गनीने दार लावलं, दिवा मंद केला. थोड्या वेळाने गुरुजींचा दबका, चिडलेला आवाज आला. "अरे, उभे काहून? मांगं दोन रांगा खाली हायेत. बसा तिथी."

कोणी हललं नाही.

"तिथी लोकं बसून राह्यले, गुरुजी," एक मुलगी म्हणाली.

गुरुजींनी अंधारात हात पुढे केला असावा. कारण ते झटकन मागे सरल्याचं ऐकू आलं. बहात्तर खुर्च्यांत साठ पोरं मावली नाहीत. बारा जणांना त्यांनी पुढे घेतलं आणि यंत्राच्या पायाशी जमिनीवर बसवलं. धुरपताबाई दाराशी उभी होती. औषधाचा वास इतका दाट झाला होता की पोरं नाकाला रुमाल लावत होती.

गनीने आकाश सुरू केलं. माइककडे त्याचा हात जायच्या आधीच कहकशां बोलू लागली.

"हे पाहा, हे आपलं गाव. हे धुराडं. आता दिवस बुडला. घाबराचं नाही, रात्र म्हणजे आपलीच सावली."

पोरं हसली. त्यांना ऐकू येत होतं. तिने प्रश्न विचारला, साठ आवाजांनी उत्तर दिलं. ती मृग दाखवत होती, सप्तर्षी दाखवत होती, ध्रुव कसा शोधायचा ते सांगत होती, आणि आवाज तोच, खोडकर, भरभरून. अडीच महिने एका म्हाताऱ्यासाठी ती कुजबुजत होती. हे तिचं खरं काम होतं आणि आपण तिला त्यातून उठवून अंधारात कोंडून ठेवली, हे त्या क्षणी गनीला लख्ख दिसलं. त्याची त्यालाच लाज वाटली.

मग जमिनीवर बसलेल्या मुलीने विचारलं. "ताई, माहा बाबा कोनता तारा हाये?"

मागच्या रांगांत सगळ्या खुर्च्या एकदम करकरल्या. तिथे बसलेले पहिल्यांदाच पुढे झुकले होते.

"कोनताच नाही, बाई," कहकशां म्हणाली. "तो वर नाही. तुले पाहाले मिळालं त्याले, बस. आता त्याले जाऊ दे."

मृग पश्चिमेला टेकला. टाकीमागे काळोख होता.

"अब्बा," ती अगदी हळू म्हणाली, "पोरं हायेत आत. ह्यायले असं बाहेर नका सोडू. उजाडा."

"बेटा... दिवे नाहीत. मीच काढून..."

"मले माहीत हाये. तुम्ही बटन फिरवा."

"मंग तू...?"

गनीच्या मनगटावर काहीतरी गार टेकलं आणि तिथेच राहिलं. त्याने दात आवळले. साठ पोरं आणि एक मुलगी, असा तराजू कोणत्याही बापाच्या हाती येऊ नये. त्याने बटण फिरवलं, हळूहळू, मास्तरांनी शिकवलं तसं.

टाकीमागे आधी राखाडी झालं. मग तांबूस, मग पिवळं. कडुलिंबाची पत्र्याची पानं उजेडात उमटली. इतकी सुंदर पहाट त्या घुमटात कधी झाली नव्हती. एकेक तारा विझत गेला. शेवटच्या रांगेतून खाट आवाज आला, मग दुसरा, मग तिसरा. एकामागून एक खुर्च्या वर जात होत्या, घाई नाही, ढकलाढकली नाही, खेळ संपल्यावर शहाणी माणसं उठतात तशा.

"सकाळ झाली," ती म्हणाली. "आता आपापल्या घरी जा."

पहिल्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीचं बूड सावकाश वर गेलं. त्याचा आवाजही आला नाही. गनीच्या मनगटावरचा गारवा गेला. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

बाहेर ऊन होतं. टेम्पोत पोरं चढवून गुरुजी परत आले. त्यांचा चेहरा उतरला होता. "ताईची कॅसेट लावलती ना, गनीचाचा?" त्यांनी विचारलं. "पोरायच्या प्रश्नाले उत्तरं कशी काय..." गनीने मान हलवली, हो की नाही ते त्याचं त्यालाही कळलं नाही. गुरुजी लगबगीने टेम्पोत जाऊन बसले.

गनीने शिडी लावली आणि किनारीमागे डोकावला. बारा होल्डर, बाराही रिकामे. त्यावर बोटभर धूळ आणि कोळ्याची जाळी. त्याने एका होल्डरला बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं. बोटाला फोड आला होता.

शिडीवरच कपाळ टेकून तो किती वेळ उभा होता कोण जाणे. घरी जायचं, रशीदापुढे बसायचं, सगळं सांगायचं, तिने बोल लावले तर ऐकून घ्यायचे. पेटीतले दिवे उद्या परत बसवायचे. एवढं त्याने ठरवलं. मग त्याला झाडूचा आवाज येईनासा झाल्याचं जाणवलं.

धुरपताबाई शेवटच्या रांगेत बसली होती. तिच्या शेजारच्या खुर्चीत कोणी नव्हतं, पण बूड खालीच होतं. रिकाम्या खुर्च्यांतली एवढी एकच. गनी खाली उतरून तिच्याजवळ गेला. औषधाचा वास सगळीकडून गेला होता, फक्त तिथे थोडा होता.

"अडकली असंन," तो म्हणाला. "स्प्रिंग पाहतो मी."

धुरपताबाईने त्याचा हात धरून थांबवलं. पदराचं टोक सोडून तिने कापसाचे झुपके काढले आणि त्या खुर्चीच्या पाठीला, उशीसारखे, लावून ठेवले.

"राहू द्या, गनीभाऊ," ती हळूच म्हणाली. "त्याले पहिल्यापासूनच उशिरा उठाची सवय हाये."

रिकाम्या खुर्चीचं रेक्झिन एका बाजूने दबलं, मग दुसऱ्या बाजूने, कूस बदलावी तसं.